रिकी नेल्सनचं दफ्तर

मृत्यूचे कागद सर्वांत जास्त आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ३१ डिसेंबर १९८५च्या संध्याकाळी टेक्सासमधल्या डी कॅल्ब गावाजवळ एक जुनं डीसी-३ विमान जळत जळत शेतात उतरलं. दोघे वैमानिक कॉकपिटच्या खिडक्यांतून बाहेर पडले. भाजले, पण जगले. मागचे सातही प्रवासी गेले. त्यांत गायक रिक नेल्सन होता, वय ४५. तो नववर्षाच्या कार्यक्रमासाठी अलाबामाहून डॅलसला निघाला होता.

दोन आठवड्यांतच, जानेवारी १९८६मध्ये, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी छापली. प्रवासी कोकेन ओढण्यासाठी ते तापवत होते आणि त्यातूनच आग लागली असावी, असा तपास करणाऱ्यांचा संशय असल्याचं त्यात होतं. ही बातमी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. एकेकाळच्या गोंडस मुलाचा असा शेवट गोष्ट म्हणून फारच चपखल होता. नेल्सनच्या बाबतीत गोष्ट आणि आयुष्य यांची सरमिसळ मात्र त्याच्या लहानपणीच सुरू झाली होती.

वडील ऑझी नेल्सन वाद्यवृंद चालवत, आई हॅरिएट त्यात गात असे. १९४४मध्ये दोघांनी स्वतःच्या कुटुंबावर रेडिओ मालिका सुरू केली. त्यात त्यांच्या दोन मुलांचं काम आधी भाड्याचे बालनट करत. खरी मुलं माइकसमोर आली ती १९४९मध्ये. म्हणजे स्वतःच्याच घरात स्वतःची भूमिका मिळायला रिकीला आठ वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागलं! ३ ऑक्टोबर १९५२ रोजी मालिका एबीसी वाहिनीवर आली आणि १९६६पर्यंत चालली. एकूण भाग ४३५. पडद्यावर दिसणारं घरही बाहेरून त्यांचं खरं हॉलिवूडमधलं घर होतं. दिग्दर्शन वडिलांचं.

१० एप्रिल १९५७च्या भागात सोळा वर्षांचा रिकी फॅट्स डॉमिनोचं ‘आय’म वॉकिन’’ गायला. मैत्रीण एल्व्हिसवर लट्टू होती, तिच्यावर छाप पाडण्यासाठी आपण रेकॉर्ड काढायचं ठरवलं, असं तो सांगायचा. किस्सा छान आहे, पण त्याला साक्षीदार तो एकटाच. प्रक्षेपणाची तारीख मात्र पक्की, आणि त्याच गाण्याची व्हर्व्ह कंपनीची रेकॉर्ड लगेच खपू लागली हेही पक्कं. नंतर तो इम्पीरियल कंपनीकडे गेला. पुढे मालिकेच्या भागांचा शेवट रिकीच्या गाण्याने होऊ लागला. ज्या घरात गाणं वाजलं, त्याच घरातली पोरं दुसऱ्या दिवशी दुकानात. ऑझीसाहेबांना धंदा कळत होता.

४ ऑगस्ट १९५८ रोजी ‘बिलबोर्ड’ने ‘हॉट हंड्रेड’ची पहिली यादी छापली. त्यात पहिल्या क्रमांकावर शॅरन शीली या तरुणीने लिहिलेलं ‘पुअर लिटल फूल’ होतं, गायक रिकी नेल्सन. त्याच वर्षी डिसेंबरात तो ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर झळकला.

टीव्हीने फुगवलेलं पोरगं, असं म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्यांनी रेकॉर्ड ऐकाव्यात. गिटारवर जेम्स बर्टन आहे, जो पुढे एल्व्हिसच्या साथीला गेला. ‘हॅलो मेरी लू’मधला त्याचा गिटारचा तुकडा ऐका. रिकीचा आवाज छोटा, पण तो ओरडत नाही आणि साथीदारांना जागा देतो. ही समज वडिलांच्या संहितेतून येत नाही. एकवीस वर्षांचा झाल्यावर त्याने ‘रिकी’चा ‘रिक’ केला. लोकांनी तो फारसा मानला नाही.

१५ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या गाण्यांचा जलसा होता. रिक वाढलेल्या केसांनी उभा राहिला, रोलिंग स्टोन्सचं गाणं सुरू केलं आणि हुर्यो ऐकू आली. काहींच्या मते ती मागच्या रांगांत पोलीस लोकांना हटवत होते म्हणून होती. त्याने ती स्वतःवर घेतली आणि ‘गार्डन पार्टी’ लिहिलं. १९७२मध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गैरसमजातून आलं असेल, तरी गाणं अस्सल आहे.

आता पुन्हा विमानाकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अहवाल दिला. प्रयोगशाळेला नेल्सनच्या शरीरात कोकेन सापडलं होतं, ते लपवायचं कारण नाही. पण त्यातून आग लागल्याचा पुरावा मंडळाला मिळाला नाही. वैमानिकांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. सहवैमानिकाच्या म्हणण्याप्रमाणे केबिनचा हीटर सारखा बिघडत होता आणि कप्तान तो बघायला पुन्हा पुन्हा मागे जात होता. शेवटी तो चालू करायला आपण नकार दिला, असं त्याने सांगितलं. कप्तानाची हकीकत वेगळी. अहवालानुसार आग केबिनच्या मागच्या भागात, जमिनीलगत सुरू झाली. ती कशाने पेटली, या प्रश्नापुढे मंडळाने ‘अनिश्चित’ असंच नोंदवलं आहे.