टिळकवाडीतील लशीचे आवार

बेळगावात टिळकवाडीच्या अंगाला जे विस्तीर्ण, वृक्षाच्छादित आवार आहे, ज्याला सारे शहर व्हॅक्सिन डेपो म्हणून ओळखते, जिथे पहाटे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते आणि ज्याच्या मैदानावर महाराष्ट्र एकीकरण समितीचे महामेळावे भरत आले, त्या आवारात मुळात कोणते काम चालत असे, हे आजच्या तरुण पिढीला मुद्दाम सांगावे लागते. २८ जानेवारी २०१६ रोजी स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव जाहीर झाले आणि पुढे या आवाराच्या सुशोभनाचे व नव्या उपयोगाचे प्रस्ताव निघाले. त्यांतील बांधकामांना व वृक्षतोडीला नागरिकांनी विरोधही केला. या वादात झाडांची बाजू मांडणारे पुष्कळ भेटले, आणि ते योग्यच झाले. परंतु इमारतींची बाजू मांडावयाची तर आधी त्यांचा इतिहास उलगडला पाहिजे.

मुंबई इलाख्यात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि १८२७ पासून फिरत्या टोचणीदारांची पद्धत सुरू होऊन देवी काढणारा सरकारी माणूस खेडोपाडी दिसू लागला. त्या काळी लस एका मुलाच्या दंडावरील फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात टोचीत. त्यामुळे लशीचा प्रवास मुलांच्या अंगावरूनच व्हावयाचा, साखळी तुटली की लस संपावयाची आणि एकाच्या रक्तातील अन्य रोग दुसऱ्यास जडण्याचे भयही असावयाचे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस वाढविण्याची युक्ती आली. मुंबईत तिचा पुरस्कार करणाऱ्यांत डॉ. अनंत चंद्रोबा हे आपल्यापैकीच एक वैद्य होते, ही गोष्ट मराठी वाचकांनी विसरू नये. पुढे लस ग्लिसरीनमध्ये घोटून टिकविता येऊ लागली, तेव्हा एका ठिकाणी लस तयार करून सर्व इलाख्यास पुरविणारी संस्था शक्य झाली. समुद्रसपाटीपासून अदमासे अडीच हजार फूट उंचीवरील बेळगावची थंड हवा, उन्हाने नासणाऱ्या या द्रव्यास सोयीचीच होती.

त्या कामाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. निरोगी वासरू पारखून घ्यावयाचे, पोटाखालची कातडी भादरून स्वच्छ धुवावयाची, तीवर बारीक ओरखडे काढून त्यांत बीजरूप लस चोळावयाची, पाच-सहा दिवस वासराची निगा राखावयाची, आणि फोड पिकले की ते खरवडून, ग्लिसरीनमध्ये घोटून, काचेच्या बारीक नळ्यांत बंद करून थंड जागी ठेवावयाचे, असा तो क्रम होता. या प्रत्येक पायरीला आपली जागा लागते: गोठा, धुण्याची फरशी आणि तिला मोरीकडे दिलेला उतार, सारखा उजेड असलेली दालने, थंड कोठी, नळ्या भरून डाकेने रवाना करण्याची खोली. अशा वास्तूत खिडकी किती उंच, दार किती रुंद, गोठ्यापासून प्रयोगशाळा किती अंतरावर, हे सारे कामाने ठरविलेले असते. केवळ शोभेसाठी तिथे फारसे काही नसते. हा क्रम ज्याला ठाऊक नाही, त्याला उतरती फरशी म्हणजे सपाट करावयाचा दोष वाटतो आणि रिकामी कोठी म्हणजे पाडावयाची अडगळ.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले; सीमाभागातील मराठी माणसाच्या मनात त्या दिवसाचे शल्य अद्याप आहे, पण लशीचे काम थांबले नाही. १९६२ मध्ये देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि उन्हाळ्यातही न नासणारी सुकविलेली लस देशात तयार होऊ लागली, तेव्हा ती बनविणाऱ्या चार संस्थांत गिंडी, हैदराबाद व पटवाडांगर यांच्या जोडीला बेळगावचे नाव होते. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने साऱ्या पृथ्वीवरून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले. कारखाने बंद पडतात ते बहुधा तोट्याने, भाऊबंदकीने किंवा मालाला उठाव न राहिल्याने. इथे मात्र काम फत्ते झाले म्हणून काम संपले. असे भाग्य लाभलेल्या इमारती आपल्या देशात फार थोड्या असतील, आणि त्यांपैकी एक समूह टिळकवाडीच्या वेशीवर आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

जुन्या वास्तूला नवे काम देणे ही काही आज पश्चिमेकडून आलेली कल्पना नव्हे. पुण्यातील दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरली, आणि पुढे त्याच वाड्यात नगरपालिकेचे दप्तर नांदले. परळला जे मूळचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ, ते पुढे मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान झाले आणि १८९९ मध्ये तिथे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. खुद्द बेळगावच्या किल्ल्यात, स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात ज्यांच्याकडे राहिले त्या हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांचे घर आज रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून राखले आहे. स्मारक म्हणून घर राखणे त्यातल्या त्यात सुलभ, कारण तिथे घराचे घरपण राहते. कारखान्याचे तसे नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत वसविलेले विजयनगर अधिवेशन आटोपताच उठले आणि मागे विहीर राहिली, म्हणून तिच्यावरून तरी गांधीजींची आठवण निघते. लशीच्या आवारात उलट स्थिती आहे: वास्तू उभ्या आहेत, आठवण मात्र विरत चालली आहे.

किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या प्राचीन देवालयास पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि १९५८ च्या कायद्याचा धाक आहे. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांच्या सरकारी इमारती पुष्कळदा कोणत्याच यादीत बसत नाहीत, आणि त्यांचे भवितव्य दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहते. मुंबईने १९९५ मध्ये वारसावास्तूंची श्रेणीवार यादी व छाननी समिती नेमून या बाबतीत देशाला वाट दाखविली. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही वास्तू समाजोपयोगी कामी लावण्यास अनुकूलता दाखविली, मात्र त्यासाठी तिची रचना बदलू नये, अशी अट घातली. ती अट मला आज अधिक मोलाची वाटते. प्रस्ताव तपासताना नवा उपयोग किती आकर्षक, हे पाहण्याआधी तो इमारतीकडून काय काय मागतो, हे पाहावे. वातानुकूलित प्रेक्षागृह म्हटले की खिडक्या बंद होतात, छताखाली खोटे छत येते, वाहनतळासाठी झाडे जातात. उलट लसीकरणाचे संग्रहालय, आरोग्यखात्याचा दप्तरखाना किंवा परिचारिकांचे शिक्षणवर्ग यांना उजेड, वारा आणि शांतता हवी असते, आणि लशीच्या वास्तूत तीच तर योजिलेली असते.

दुरुस्तीच्या तपशिलातही तितकेच डोळस असावे लागते. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो. मजबुती म्हणून तीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते, वर्षा-दोन वर्षांत लोणा फुटतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. बेळगावसारख्या धो-धो पावसाच्या गावी हा प्रकार विशेष जोमाने होतो. चुना मळून मुरविणारे गवंडी दुर्मिळ झाले हे खरे, पण कंत्राटात चुन्याचे कलमच नसेल तर असलेल्या गवंड्यांनाही काम मिळावयाचे नाही.

आणि कोणत्याही नकाशावर मंजुरीचा शिक्का पडण्यापूर्वी एक काम व्हावे. कोणत्या खोलीत वासरे धूत, कुठे लस घोटीत, कुठे नळ्या भरीत, याचा दालनवार नकाशा प्रस्तावासोबत जोडलेला असावा. १९८० पूर्वी ते काम प्रत्यक्ष केलेला अगदी तरुण नोकरही आज साठी ओलांडून बराच पुढे गेला असणार. अशा सेवानिवृत्त माणसांना आवारात फिरवून त्यांच्या तोंडून हा तपशील लिहून घेण्यास फार खर्च येणार नाही; मात्र ते निविदा निघण्याच्या आधी झाले पाहिजे, कारण एकदा फरशी उखडली आणि मोऱ्या बुजविल्या की दाखवावयास त्यांच्यापुढे काही उरणार नाही.