जैववैद्यकीय कचरा नियम (भारत)

रुग्णालये, दवाखाने, रोगनिदान प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, पशुवैद्यकीय दवाखाने तसेच रक्तदान व लसीकरण शिबिरे यांतून निघणाऱ्या कचऱ्याची वर्गवारी, साठवण, वाहतूक आणि विल्हेवाट ठरवून देणारे केंद्रीय नियम. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली ते प्रथम जुलै १९९८ मध्ये अधिसूचित झाले. सध्या मार्च २०१६ चे नियम, २०१८ व २०१९ मधील दुरुस्त्यांसह, लागू आहेत. अंमलबजावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे, तर सैन्यदलांच्या रुग्णालयांपुरती सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे आहे.

सुरुवातीचा भर जाळण्यावर होता. दिल्लीतील कचऱ्यासंबंधीच्या वढेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ५० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांना भस्मक किंवा तितकाच परिणामकारक पर्याय बसवण्यास सांगितले. हेतू चांगला होता, पण क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळल्यास डायॉक्सिन व फ्युरान ही विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणजे उकिरड्यावरचा धोका धुराड्यातून हवेत गेला. २०१६ च्या नियमांनी दिशा पालटली. ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असल्यास रुग्णालयाला स्वतःची यंत्रणा उभारता येत नाही. डायॉक्सिन-फ्युरानवर काटेकोर मर्यादा आली आणि रक्तपिशव्या वगळता क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या व हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले.

खरा कणा मात्र वर्गवारीचा. १९९८ चे दहा वर्ग वॉर्डातल्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहणार? आता रंग चारच. शरीराचे अवयव, रक्ताने माखलेला कापूस व ड्रेसिंग, मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. सुया व ब्लेड पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात. काच आणि धातूची रोपणे निळ्या डब्यात. लाल पिशवीतले प्लास्टिक निर्जंतुक करून त्याचे तुकडे करावे लागतात, त्यानंतरच ते पुनर्चक्रणाला जाते. हा टप्पा चुकवून सिरिंज पुन्हा वापरात आली तर काय होते, हे २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे पसरलेल्या ब प्रकारच्या काविळीने दाखवले. अवयव व माखलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पिशव्यांना बारकोड, तर कचरा हाताळणाऱ्यांना ब काविळीची व धनुर्वाताची लस बंधनकारक आहे. खाटा नसलेल्या छोट्या दवाखान्यालाही मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते.

मूळ अधिनियमात उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. घरी इन्सुलिन घेणाऱ्याची सुई या नियमांत येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तिचा समावेश घरगुती घातक कचऱ्यात केला आणि ती वेगळी गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. प्रत्यक्षात ती बहुतेकदा घंटागाडीतच जाते.