द्राक्षांची वाट

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी, जावई आणि नातू पारगावला आले की घरात एकच चर्चा सुरू होते, दोन दिवस जायचं कुठे? एका वर्षी जावई म्हणाले, "अब्बा, समुद्र आणि द्राक्षांचे मळे जवळजवळ असतील अशा ठिकाणी जाऊ या. परदेशात लोक शनिवार-रविवारी तसे जातात. मळे बघतात, वाइनचा इतिहास ऐकतात, संध्याकाळी किनाऱ्यावर बसतात."

मी म्हटलं, "तशी जागा आपल्या दारात आहे. फक्त मळे घाटावर आहेत आणि समुद्र घाटाखाली."

आमच्या घरच्या हसून म्हणाल्या, "आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं? कविराज सगळ्यांना घेऊन दारूचा इतिहास बघायला गेले?"

तरीही निघालो. मंचर मागे टाकून नारायणगावला पोचलो. मे महिन्यात वेलीवर द्राक्षं नसतात. हंगाम संपलेला असतो, एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली असते आणि मांडवावर कोवळी पालवी असते. नातू हिरमुसला. त्याला मी सांगितलं की, याच नारायणगावात १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसती वाइन तयार केली. ती विलायतेत विकली गेली, आणि तिथे तिचं नाव होतं 'ओमर खय्याम'. ती कंपनी आता राहिली नाही. पण इराणातल्या कवीचं नाव, फ्रान्सची रीत आणि जुन्नर तालुक्याची माती एका बाटलीत बसली होती, एवढं खरं.

मी स्वतः थेंबही घेत नाही. पण कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला साकी आणि प्याला टाळता येत नाहीत. आणि हा प्याला मराठीला काही मुसलमान कवींनी आणून दिला असंही नाही. खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या त्या फारसी शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'द्राक्षकन्या'.

जुन्नर, घाटघर करत दुपारी नाणेघाटात पोचलो. दोन डोंगरांमधली ती खिंड, वाटेवरचा दगडी रांजण आणि गुहेच्या भिंतीवर कोरलेला नागनिका राणीचा लेख. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर चढून जुन्नरला येई. त्या मालात काय काय असे? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत तो मद्याचा उल्लेख करतो. इटलीचं मद्य विशेष पसंतीचं, शिवाय सीरियाकडचं आणि अरबस्तानचंही. आपल्या नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे समुद्रावरून आलेलं मद्य देशावर एवढं आत पोचलं होतं.

माणसंही आली होती. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दानं कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आणि चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचं काम करून दिलं. परदेशातून आलेल्या माणसाने इथे पहिल्यांदा काय केलं असेल ते मला माहीत नाही, पण शेवटी दगडावर राहिलं ते पाणी आणि जेवण.

दुसऱ्या टप्प्यात माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, पनवेल करत आम्ही रेवदंड्याला गेलो. रात्री मुक्काम केला. सकाळी एका शाळेच्या आवारात रशियन प्रवासी अफनासी निकितिन याचं स्मारक पाहिलं. पंधराव्या शतकात, १४७०च्या आसपास, हा व्यापारी होर्मुझहून घोडा घेऊन जहाजाने शेजारच्या चौलला उतरला आणि खुश्कीच्या वाटेने आमच्या जुन्नरला आला. पावसाळा त्याने तिथेच काढला. रोज पाणी आणि चिखल, असं त्याने लिहिलं आहे. इथले लोक नारळापासून मद्य करतात, हेही त्याने टिपून ठेवलं. म्हणजे किनाऱ्याची आपली वाइन माडाच्या झाडावर होती, आणि तिचीही नोंद एका परक्याने केली.

पण त्याच प्रवासवर्णनात आणखी एक प्रसंग आहे. जुन्नरच्या असदखानाने निकितिनचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रूसी आहे, असं कळल्यावर तो म्हणाला, आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर एक हजार सोन्याची नाणी. नाही आलास तर घोडा गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात खुरासानातून आलेला महंमद नावाचा एक मातब्बर माणूस जुन्नरला पोचला. निकितिनने त्याला गाठून विनवणी केली. तो खानाकडे गेला, निकितिनला धर्म बदलायला लावू नका असं सांगितलं आणि घोडाही सोडवून आणला.

मी हा प्रसंग नातवाला गाळून सांगावा का, असं क्षणभर मनात आलं. त्याच वर्षी शाळेत एका मुलाने त्याला विचारलं होतं, तुम्ही लोक कुठून आलात? तो घरी येऊन गप्प बसला होता. पण इतिहास आपल्याला हवा तेवढाच सांगितला, तर ती खोटी साक्ष होते. म्हणून सगळं सांगितलं.

त्याने विचारलंच, "नाना, तो खान आपल्यातला होता?"

"हो," मी म्हणालो.

"आणि सोडवणारा?"

"तोही आपल्यातलाच."

तो थोडा वेळ माडांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि ज्याचा घोडा होता, तो जुन्नरला राहिला होता ना? मग तो पण थोडा आपल्यातलाच."

एवढं सरळ उत्तर मला पन्नाशीतही सुचलं नव्हतं. घाटाने कुणाला गाव विचारलं नाही. द्राक्ष बाहेरून आलं, खय्याम बाहेरून आला, यवन आले, निकितिन आला. ज्याने इथे टाकं खोदलं किंवा वेलीला पाणी घातलं, तो इथला झाला.

निघताना रस्त्याकडेला थंडगार नीरा मिळाली. आमच्या घरच्यांनी पेला हातात घेऊन आधी वास घेतला, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "ही चालते ना?"

"चालते," मी म्हणालो. "ऊन चढायच्या आत प्या म्हणजे झालं."