स्लोव्हाकियातील लोकशाही सुधारणांना आंतरराष्ट्रीय पाठिंबा
चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनानंतर १ जानेवारी १९९३ रोजी स्थापन झालेल्या स्लोव्हाकियातील लोकशाही सुधारणांना पाश्चात्त्य देश व संस्थांनी साहाय्य केले. या साहाय्यात निधीपेक्षा सदस्यत्वाची अट अधिक परिणामकारक ठरली.

पंतप्रधान व्लादिमिर मेचियार यांच्या राजवटीत (१९९४–९८) घटनात्मक संस्था वारंवार डावलल्या गेल्या. डिसेंबर १९९६ मध्ये, सत्ताधारी गटातून बाहेर पडलेले खासदार फ्रांतिशेक गाउलिडर यांचे सदस्यत्व संसदेने रद्द केले. त्यांच्या नावे सादर झालेला राजीनामा त्यांनी नाकारला होता. घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय देऊनही त्यांना जागा परत मिळाली नाही. जुलै १९९७ मध्ये नाटोने माद्रिद परिषदेत पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक यांना निमंत्रित केले. स्लोव्हाकियाला मात्र वगळले. डिसेंबरमध्ये युरोपियन संघानेही लक्झेंबर्ग येथे त्याला वाटाघाटींच्या पहिल्या गटाबाहेर ठेवले.

याच सुमारास स्थानिक स्वयंसेवी संस्थांनी परदेशी प्रतिष्ठानांच्या निधीचा आधार घेऊन ‘ओके ९८’ ही मतदार जागृती मोहीम उभारली. तिने कोणत्याही पक्षासाठी मते मागितली नाहीत. सप्टेंबर १९९८ च्या निवडणुकीत सुमारे ८४ टक्के मतदान झाले. बाहेरील मदतीने निकाल ठरवला, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल, कारण मेचियार यांचाच पक्ष सर्वांत मोठा ठरला होता. परंतु त्याला बहुमत जुळवता आले नाही. १५० पैकी ९३ जागा जिंकलेल्या चार पक्षांनी मिकुलाश झुरिंदा यांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापन केले.

फेब्रुवारी २००० मध्ये युरोपियन संघाशी वाटाघाटी सुरू झाल्या. स्लोव्हाकिया २९ मार्च २००४ रोजी नाटोचा व १ मे २००४ रोजी युरोपियन संघाचा सदस्य झाला.