तळटीप : ‘द व्हाइट शॅडो’

‘द व्हाइट शॅडो’ : सी.बी.एस. वाहिनीने १९७८ ते १९८१ या काळात प्रक्षेपित केलेली अमेरिकन नाट्यमालिका. जनक ब्रूस पॅल्ट्रो. गुडघ्याच्या दुखापतीमुळे व्यावसायिक बास्केटबॉलला मुकलेला केन रीव्ह्ज हा गौरवर्णीय खेळाडू लॉस एंजेलिसमधील कार्व्हर हायस्कूलच्या, बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांच्या, संघाचा प्रशिक्षक होतो, एवढेच तिचे कथासूत्र. परंतु ज्या काळी कृष्णवर्णीयांचे संसार अमेरिकन दूरचित्रवाणीवर मुख्यत्वे विनोदी मालिकांतूनच दिसत, त्या काळी या मुलांच्या दैन्याला, व्यसनांना आणि आकांक्षांना गंभीर नाट्याची प्रतिष्ठा तिने दिली, व कर्टिस जॅक्सन या लोकप्रिय पात्राचा दारूच्या दुकानातील गोळीबारात अंत दाखविण्यासही ती कचरली नाही, हे श्रेय निर्विवादपणे तिच्या खाती जमा केले पाहिजे. तथापि मुलांच्या दुःखाकडे पाहणारी मध्यवर्ती दृष्टी अखेर गौरवर्णीय प्रशिक्षकाचीच राहिली, ही तिची मर्यादा मला गंभीर वाटते. कारण ज्याचे दुःख त्याच्याच मुखातून कथन होण्याचा हक्क केवळ सहानुभूतीने भरून निघत नाही. (गेल सेयर्स व ब्रायन पिकोलो या भिन्नवर्णीय फुटबॉलपटूंच्या मैत्रीवरील १९७१ च्या ‘ब्रायन्स साँग’ या दूरचित्रपटात ही दृष्टी अधिक समतोल आहे.) मालिकेत संघातील हेवर्ड या खेळाडूची भूमिका करणारे कृष्णवर्णीय नट टॉमस कार्टर यांनी पुढे तिचे काही भाग दिग्दर्शित केले आणि २००५ साली प्रदर्शित झालेला ‘कोच कार्टर’ हा चित्रपटही त्यांचाच; त्यातील प्रशिक्षक कृष्णवर्णीय आहे.