पडून राहू दे की उठव? एका गुडघ्यामागचा जुना वाद

आजचा भाग आमच्या घरातल्या एका भांडणावरून सुचला.

आईच्या गुडघ्याचा सांधा बदलला. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन हजर. "काकू, उभं राहायचंय आता." आत्या लगेच मध्ये पडली. "अगं, कालच तर ऑपरेशन झालंय! हाड जुळेपर्यंत पडू दे की तिला." खरं सांगते, मनातून मलाही आत्याचंच पटलं होतं. नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं, की आत्याचं हे मत एकेकाळी मोठमोठ्या सर्जनांचंही होतं.

त्यातलं सगळ्यात ठळक नाव म्हणजे लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस. जन्म १८३४चा, घराणं पिढीजात हाडं बसवणाऱ्यांचं. आपल्याकडचे हाडवैद्य म्हणा ना. दुखऱ्या सांध्याला विश्रांती द्या, तीही सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळ, हा त्यांचा आग्रह. त्यात काही खुळेपणा नव्हता. सांध्याचा क्षय तेव्हा सर्रास आढळायचा आणि त्यावर औषध नव्हतं. सांधा हलू न देणं एवढंच हातात होतं. त्यांची थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी सैनिकांना तारून गेली.

पण या विश्रांतीची किंमत होती. आठवडेच्या आठवडे पाय जखडून ठेवला की हाड जुळायचं, पण सांधा आखडायचा आणि मांडीचे स्नायू वाळायचे. फ्रान्समधले सर्जन ल्यूका-शाँपिओनिएर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगत होते, की मोडलेल्या हाडालाही बेतानं मालीश आणि हालचाल हवी. त्यांचं म्हणणं पटायला डॉक्टरमंडळींना बराच काळ लागला.

आता प्रश्न असा, की ही हालचाल करून घेणार कोण? १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालीश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली. मालीशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत होते, त्यामुळे आपल्या कामाला अब्रू मिळवून देणं ही त्यांची पहिली लढाई. मग महायुद्ध आलं, जखमी सैनिकांची रीघ लागली आणि या कामाची गरज सगळ्यांनाच दिसली. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपीची मुळं ही अशी.

आपल्याकडे मुंबईत हे शिक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. तेव्हा समोर पोलिओची मुलं होती. गुडघे बदलण्याचे दिवस अजून बरेच लांब होते.

सर्जनांच्या बाजूनं पारडं फिरलं ते १९५८ साली. स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एओ हा गट स्थापन केला. मोडलेलं हाड पट्ट्या आणि स्क्रूंनी इतकं पक्कं धरायचं, की बाहेरून प्लास्टरची गरज पडू नये आणि सांधा लगेच हलवता यावा, असा त्यांचा विचार. थोडक्यात, हाडाला आराम आणि सांध्याला काम. पुढे १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी धातू, प्लॅस्टिक आणि बोन सिमेंट वापरून खुब्याचा टिकाऊ कृत्रिम सांधा बसवला. गुडघ्यातही हेच सिमेंट वापरतात आणि ते ऑपरेशन टेबलावरच काही मिनिटांत घट्ट होतं.

आत्याला उत्तर इथं मिळालं. तसा बसवलेला सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलतो. तिथं हाड जुळायची वाट बघायची नसते. उलट पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते.

या गोष्टीला अजून एक वळण आहे. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं, की सततच्या हालचालीनं सांध्यातली इजा झालेली कूर्चा जास्त चांगली भरून येते. त्यातून यंत्र आलं. पाय त्यात ठेवायचा, यंत्र तो आपोआप वाकवतं आणि सरळ करतं. गुडघा बदललेल्या रुग्णांनाही ते सर्रास लावलं जाऊ लागलं. पण २०१४ साली कोक्रेन संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गुडघा वाकण्यात त्या यंत्रानं लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही असं दिसलं.

म्हणजे फिरून गाडी त्या वॉकरवाल्या मुलीपाशीच आली. खुर्चीतून उठायलासुद्धा गुडघा साधारण ९० अंशांत वाकावा लागतो, आणि तिथवर तो ज्याचा त्यानंच न्यायचा असतो. शेजारी कुणीतरी हवं, जे आज किती वाकवायचं आणि कुठं थांबायचं ते सांगेल.

आई त्या सकाळी चार पावलं चालली आणि रडली. आत्याही रडली. तिसऱ्या आठवड्यात मात्र टाच मागे सरकवायचा व्यायाम आईनं दोन दिवस चुकवला, तेव्हा तिला रागावली ती आत्याच. "ऊठ, नाहीतर पाय असाच राहील तुझा!"

तुमच्या घरीही कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर "पडून राहा" म्हणण्याआधी त्यांच्या फिजिओथेरपिस्टला एकदा विचारा. आज इथंच थांबते. भेटू पुढच्या भागात.