साबणापासून कॉम्प्युटरपर्यंत : गिऱ्हाइकाचं ऐकणाऱ्या कामाचा इतिहास

मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, बाकीच्या उठल्या. पण आमच्यातल्या एक ताई बसूनच राहिल्या. त्यांची लेक पुण्याला हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कॉम्प्युटरने काय करायचं त्याच्या सूचना, म्हणजे प्रोग्रॅम, ती लिहिते. तिच्या शिक्षणासाठी गटाने दिलेलं कर्ज गेल्याच वर्षी फिटलं. आणि आता ती म्हणते, "आई, प्रोग्रॅम लिहायचं सोडून मी प्रॉडक्ट मॅनेजर होणार."

ताई म्हणाल्या, "हातात आलेली विद्या सोडायची आणि दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करायची? वर पहिलं वर्ष पगारही वाढणार नाही म्हणते. मग कर्ज काढून शिकवलं कशाला?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. हे काम काय असतं हेच नीट ठाऊक नव्हतं. मग आम्ही त्या लेकीशी फोनवर बोललो, थोडं वाचलं. कळलं ते असं की या कामाची सुरुवात कॉम्प्युटरपाशी नाही, साबणापाशी झाली.

अमेरिकेत सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनी आपल्या घरातही पोचली आहे; टाइड, एरियल, व्हिस्पर तिचेच. १९३१ साली तिथे नील मॅकलरॉय नावाचा २६ वर्षांचा तरुण जाहिरात विभागात होता. त्याच्याकडे कॅमे साबण होता. पण त्याच कंपनीचा आयव्हरी साबण जुना आणि जोरात, त्यामुळे कॅमेकडे लक्ष द्यायला कोणी नाही. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानांची टिपणी लिहिली. त्या कंपनीत टिपणी एका पानाच्या वर जाऊ नये असा दंडक होता, तो त्याने मोडला. त्याचं म्हणणं असं, की एकेका मालासाठी एकेक जबाबदार माणूस हवा. माल कुठे खपतो, कुठे पडून राहतो ते त्याने बघावं. पडून राहतो तिथे स्वतः जावं, दुकानदाराशी आणि वापरणाऱ्यांशी बोलावं, आणि काय बदलायचं ते ठरवून तडीस न्यावं. कंपनीने ते मानलं. पुढे १९४८ मध्ये मॅकलरॉय त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचं मूळ त्या टिपणीत सापडतं.

कॉम्प्युटरच्या धंद्यात ही गरज नंतर जाणवली. आपल्या सीआरपी ताई गटाचा हिशेब ज्या एक्सेलमध्ये भरतात, ते मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८५ साली पहिल्यांदा बाजारात आणलं. प्रोग्रॅम लिहिणारे हुशार होते, विकणारेही होते. पण वापरणाऱ्याला काय हवं ते ओळखून, नीट लिहून काढून, बनवणाऱ्यांपुढे ठेवणारं मधलं कोणी नव्हतं. ते काम जेब ब्लूमेंथाल यांनी अंगावर घेतलं. तिथले पहिले प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून त्यांचं नाव घेतात. नाव थोडं वेगळं, काम याच जातीचं.

पुढे १९९३ मध्ये एक्सेलची पाचवी आवृत्ती आली. तिच्या तयारीची गोष्ट त्या चमूतल्या जोएल स्पोल्स्की यांनी सांगितली आहे. एक्सेल म्हणजे पैशांची अवघड गणितं करायचं साधन, असं बनवणाऱ्यांना वाटत होतं. मग ही मंडळी गिऱ्हाइकांकडे गेली आणि त्यांच्या मागे उभं राहून काम बघू लागली. तर बहुतेक लोक गणित करतच नव्हते, नुसत्या याद्या बनवत होते! नावं, वस्तू, तारखा. आपणही तेच करतो ना? सभासदाचं नाव, बचत, हप्ता. गिऱ्हाइकाकडे गेले नसते तर हे त्यांना कळलं नसतं.

आता ताईंच्या लेकीसारखीच एक बाई. मरिसा मेयर १९९९ मध्ये गूगलमध्ये प्रोग्रॅम लिहायला लागल्या. तेव्हा कंपनी अगदी लहान होती आणि इंजिनिअर म्हणून घेतलेल्या त्या पहिल्या बाई. काही काळाने त्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाकडे वळल्या. गूगल उघडल्यावर समोर काय दिसावं, वापरणाऱ्याला ते सोपं वाटतं का, हे बघणं त्यांच्याकडे आलं. २००२ मध्ये त्यांनी कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना हे काम शिकवणारा उपक्रमही सुरू केला. त्यांची प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या वाया गेली नाही. काय सहज होईल आणि कशाला महिने लागतील, हे लिहून बघितलेल्या माणसाला लवकर कळतं.

हे वाचताना आम्हाला आमचीच चटणी आठवली. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी आम्ही अर्ध्या किलोच्या पाकिटात भरायचो. चव चांगली, तरी पाकिटं पडून राहायची. शेवटी जिचा हात सगळ्यांत चांगला, तिलाच तालुक्याच्या बाजारात बसवलं. तिने चार बाजार नुसतं ऐकलं. लोकांना लहान पाकीट हवं होतं आणि तिखट कमी. विकणारी दुसरी कोणी असती तर "तिखट कमी करा" एवढाच निरोप आला असता. हिने तिखट किती कमी करायचं आणि चव टिकायला लसूण किती वाढवायचा तेही सांगितलं.

पण फुकट काहीच मिळालं नाही. ती नसताना एक अख्खा घाणा करपला. आणि तिच्या सांगण्यावर पहिल्यांदा भांडणही झालं. "आम्ही चुलीपाशी भाजून निघतो आणि ही बाजारात बसून हुकूम सोडते," असं बोललं गेलं. या कामाची खरी अडचण हीच आहे. ताईंना देखरेख वाटते, पण लेक सांगते की प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेक वेळा प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसतातच. हुकूम चालत नाही, पटवून द्यावं लागतं. माल फसला तर बोल मात्र हिलाच. त्यातून पूर्वी स्वतः प्रोग्रॅम लिहिलेले असले की दुसऱ्याच्या कामात हात घालायचा मोह होतो, तो आवरावा लागतो.

हे सगळं आम्ही या महिन्याच्या बैठकीत सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि तिथूनच लेकीला फोन लावला. विचारलं एकच, "नाही जमलं तर परतीची वाट आहे का?" लेक म्हणाली, "कंपनी तीच आहे, आई. वर्षभर बघणार. नाहीच जमलं तर जुन्या कामावर घेतील, तसं बोलून ठेवलंय." ताई म्हणाल्या, "मग बघ वर्षभर." त्यांची काळजी गेली असं आम्ही म्हणणार नाही. पण लेकीने विद्या टाकली, हे बोलणं थांबलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात पापड, मसाला, गोधड्या, जे होत असेल, त्यासाठी गिऱ्हाइकाकडे कोण जातं? तिचा त्या दिवसाचा रोज तुम्ही धरता का? आम्ही आधी धरत नव्हतो. आता वहीत तिच्या नावापुढे पूर्ण हजेरी लागते. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.